वर्डपरफेक्ट बंद पडलेले नाही

मा. संपादक,

आपल्या पुरवणीतला लेखनाच्या साधनांवरचा लेख वाचला. टाक आणि दौतीपासून निघून तो टाइपरायटरवर आला आणि तिथून थेट मायक्रोसॉफ्ट वर्डवर. मधल्या काळाच्या वाट्याला एकच वाक्य आले: संगणकावर मजकूर लिहिण्याचे वर्डपरफेक्टसारखे जुने प्रोग्रॅम काळाच्या ओघात बंद पडले. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी बत्तीस वर्षे वकिलांच्या कार्यालयात टंकलेखन केले. पहिली नऊ वर्षे टाइपरायटरवर, पुढची अकरा वर्डपरफेक्ट ५.१ वर आणि शेवटची बारा वर्डवर. पोट तिन्हींनी भरले, जीव मात्र मधल्यावर जडला.

ज्यांनी तो पडदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरट अक्षरे, बाकी काही नाही. वर बटणांची रांग नाही, कागदाचे चित्र नाही. उजव्या कोपऱ्यात खाली एक ओळ, कितवे पान, कितवी ओळ, कर्सर कुठे, एवढे सांगणारी. मजकुराखेरीज डोळ्यांना दुसरे काही दिसतच नसे. सगळ्या आज्ञा एफ-१ ते एफ-१२ या कळांवर होत्या आणि कुठली कळ काय करते हे सांगणारी एक पट्टी कळफलकावर ठेवायला मिळे. त्या पट्टीवर काळ्या शाईत लिहिलेले नुसत्या कळेने, हिरवे शिफ्टबरोबर, निळे आल्टबरोबर आणि तांबडे कंट्रोलबरोबर. महिनाभरात पट्टीकडे बघायची गरज उरली नाही. एफ-६ ठळक, एफ-८ अधोरेखित, शिफ्ट आणि एफ-७ छपाई. हात कळफलकावरून उचलायचाच नाही, नजर कच्च्या मसुद्याच्या कागदावरच. चुकून काही पुसले गेले तर एफ-१ दाबायचे, शेवटच्या तीन वेळा पुसलेला मजकूर ते परत देई.

पण माझे म्हणणे या वेगाबद्दल नाही. वेग सवयीने कुठेही येतो, पुढे वर्डवरही आला. माझे म्हणणे एका सोयीबद्दल आहे. तिचे नाव रिव्हील कोड्स. आल्ट आणि एफ-३ दाबले की पडदा दुभंगे. वरच्या भागात आपला मजकूर, खालच्या भागात तोच मजकूर, पण त्यात पेरलेल्या सगळ्या खुणांसकट. ठळक कुठे सुरू झाले, कुठे संपले, ओळ आपण तोडली की जागा संपली म्हणून आपोआप तुटली, समास कुठे बदलला, टॅब कुठे मारला, प्रत्येक गोष्ट चौकटी कंसात मजकुराच्या ओघातच लिहिलेली. कागदावर जे काही होणार होते त्याचे कारण तिथे सापडे. कर्सर त्या खुणेवर न्यायचा, डिलीट दाबायचे, खूण गेली की तिचा परिणामही गेला.

हे मला पहिल्यांदा नीट कळले ते एका भागीदारीच्या करारावर. चाळीस पाने होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सह्या व्हायच्या होत्या. छापून पाहिले तर सतराव्या पानाच्या मध्यापासून सगळा मजकूर डावीकडून दोन बोटे आत सरकलेला. टाइपरायटरवर वाढलेल्या माणसाला अशा वेळी एकच उपाय सुचतो, तेवढी पाने पुन्हा मारायची. माझ्या शेजारी बसणाऱ्या ज्येष्ठ सहकारी बाई म्हणाल्या, ‘‘अगं, वर काय बघतेस, खाली बघ.’’ आल्ट, एफ-३. एका परिच्छेदाच्या तोंडाशीच समासाचा एक कोड बसलेला होता, माझ्याच हातून केव्हातरी पडलेला. तो पुसला आणि तिथून चाळिसाव्या पानापर्यंतचा मजकूर आपापल्या जागी आला. त्या रात्री मी वेळेवर घरी गेले. त्यानंतर मला संगणकाची भीती कधी वाटली नाही, कारण त्याने काहीही केले तरी ते का केले हे मला वाचता येणार होते.

वर्डची घडण मुळातच वेगळी आहे. त्यात मांडणी मजकुराच्या ओघात खुणांनी पेरलेली नसते. ती अक्षरांना, परिच्छेदांना आणि स्टाइलना, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या मांडणीच्या संचांना, जोडलेली असते, परिच्छेदाची मांडणी तर त्याच्या शेवटच्या खुणेत साठवलेली असते. त्या खुणा दाखवता येतात, मांडणीचा तपशील देणारी चौकटही उघडता येते. स्टाइल शिस्तीने लावल्या तर शंभर पानांची मथळ्यांची ठेवण एका बदलात सुधारते, याचा मी बारा वर्षे फायदा घेतला आहे. तरी ते वेगळे. वर्डमध्ये एखाद्या परिच्छेदाचे गुण विचारावे लागतात आणि ते कुठून आले याचा माग स्टाइलमधून स्टाइलमध्ये काढावा लागतो. तिथे मला ओळीत बोट ठेवून ‘हे इथे आहे’ असे कधी म्हणता आले नाही. अमेरिकेतल्या वकिलांनी बाकीचे जग वर्डवर गेल्यावरही वर्षानुवर्षे वर्डपरफेक्ट सोडले नाही, ते मला अगदी पटते. ज्याच्या कामात एका स्वल्पविरामावरून वाद होतो, त्याला पानावरची प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दिसायला हवी असते.

आता ‘काळाच्या ओघात’ या शब्दांबद्दल. ओघ वगैरे काही नव्हता, कारणे होती. १९७९ साली ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले विद्यार्थी ब्रूस बॅस्टियन आणि प्राध्यापक अ‍ॅलन अ‍ॅश्टन यांनी युटामधल्या ऑरेम या शहराच्या कारभारासाठी, डेटा जनरल या कंपनीच्या मिनी संगणकावर चालेल असा प्रोग्रॅम लिहिला, तोच पुढे वर्डपरफेक्ट झाला. १९८२ साली तो आयबीएम पीसीवर आला. तेव्हा राज्य वर्डस्टार या दुसऱ्या लेखन-प्रोग्रॅमचे होते, दशक संपता संपता ते वर्डपरफेक्टचे झाले. विंडोजच्या आधीच्या, डॉस या कार्यप्रणालीच्या काळात प्रत्येक प्रोग्रॅमला प्रिंटरशी स्वतःच बोलावे लागे. वर्डपरफेक्ट शेकडो प्रिंटरांना ओळखत असे, ही त्याची मोठी ताकद होती. शिवाय अमेरिकेतल्या ग्राहकांना फोनवर फुकट मदत मिळे आणि ताटकळणाऱ्यांसाठी गाणी लावणारा, रांग किती आहे ते सांगणारा निवेदक कंपनीने नेमला होता. १९८९ साली ५.१ आले, कोष्टके आणि मेनू घेऊन.

१९९० साली विंडोज ३.० आले आणि प्रिंटरशी बोलण्याचे काम विंडोजने आपल्याकडे घेतले. वर्षानुवर्षे कमावलेली ताकद एका फटक्यात कुणालाही सहज मिळू लागली. वर्डपरफेक्टची कंपनी तेव्हा ओएस/२ या दुसऱ्याच कार्यप्रणालीवर भिस्त ठेवून होती. त्यांची विंडोजवरची पहिली आवृत्ती १९९१ च्या अखेरीस आली, तीही संथ आणि मध्येच बंद पडणारी. वर्ड त्याआधीच विंडोजवर स्थिरावले होते आणि एक्सेलबरोबर एकाच संचात विकले जात होते. १९९४ साली नॉव्हेल या कंपनीने वर्डपरफेक्ट विकत घेतले, १९९६ साली ते कोरेल या कंपनीकडे गेले. विंडोज ९५ च्या वेळी आपली अडवणूक झाली असा दावा नॉव्हेलने २००४ साली मायक्रोसॉफ्टवर लावला. २०११ साली ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि पुढे न्यायाधीशांनी आणि अपील न्यायालयाने निकाल मायक्रोसॉफ्टच्या बाजूने दिला. मी तो निकाल मानते. उशीर वर्डपरफेक्टच्याच लोकांनी केला, हे त्यांच्यावर प्रेम असूनही मला म्हणावेसे वाटते. पण उशिरा पोचलेला आणि वाईट बनवलेला यांत फरक आहे, आणि आपल्या लेखात तो पुसला गेला आहे.

माझी बोटे अजून तिकडचीच आहेत. काम संपले की ती एफ-७ कडे जातात, कारण वर्डपरफेक्टमध्ये बाहेर पडण्याची कळ ती होती. वर्डमध्ये त्याच कळेने शुद्धलेखनाची तपासणी सुरू होते. पट्टी मी निवृत्त होताना मागून घेतली. तिच्यावरचा हिरवा रंग फिकट झाला आहे, तांबडा अजून स्वच्छ वाचता येतो.

तेव्हा एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती. वर्डपरफेक्ट बंद पडलेले नाही. कोरेल, जिने २०२२ साली अलुडो असे नाव घेतले, ती कंपनी ते आजही विकते. ५.१ मध्ये केलेली फाइल ते उघडते आणि आल्ट-एफ-३ दाबले की पडद्याच्या खालच्या भागात सगळे कोड दिसतात.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त टंकलेखिका