डीव्हीडी घरीच बनवा की!

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या नौपाड्यात अजून बऱ्याच आजी-आजोबांकडे डीव्हीडी प्लेअरच आहे, त्यांना नातवाच्या मुंजीचा मोबाईलवरचा व्हिडिओ टीव्हीवर बघायचा असतो आणि काही दुकानवाले त्याचे वाट्टेल तेवढे पैसे घेतात, खरंच वाईट वाटतं. डीव्हीडीस्टायलर हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं, व्हिडिओ टाकला की एमपेग-२ मध्ये (डीव्हीडी प्लेअरला वाचता येणारा व्हिडिओचा प्रकार) बदलून देतं, मेनूपण बनवतं. नुसती फाईल कॉपी केली तर जुना प्लेअर वाचेलच असं नाही, म्हणून हा खटाटोप. सेटिंगमध्ये पाल (PAL, म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत, चित्राचा आकार ७२०×५७६) निवडा, आणि साध्या डिस्कवर ४.७ जीबीच मावतं, उगाच चार-पाच तास कोंबले तर चित्र खराब दिसतं. ज्येष्ठ नागरिक संघांनी, वाचनालयांनी हे एकदा शिकवावंच, कॉलेजची पोरं नक्की मदतीला येतील.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे