फासे दिसले की जुगारच?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारी दुपारपुरती एक खोली भाड्याने मिळावी, असा अर्ज माझ्या नातवाने आणि त्याच्या पाच मित्रमैत्रिणींनी गेल्या महिन्यात बेळगावातील एका संस्थेकडे केला होता. चौकशीच्या वेळी मुलांनी खेळाचे साहित्य टेबलावर मांडले आणि त्यात फासे दिसताच ‘आमच्या वास्तूत असले प्रकार चालणार नाहीत’ असे सांगून अर्ज परत देण्यात आला. मी तेथे हजर होतो. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाने जुगाराची शिफारस करावी, याचे पदाधिकाऱ्यांना नवल वाटले असावे. म्हणून हा खुलासा.

मुले ज्याला आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ) म्हणतात, त्या खेळाची सुरुवात 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने झाली. एक जण गेम मास्टर होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे प्रत्येकी एका पात्राच्या वतीने बोलतात. दार फोडायचे की पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवून आत शिरायचे, हे खेळाडू ठरवतात आणि जेथे यशाची खात्री नसते तेथेच फासा टाकला जातो. यात पैज नाही, पैसा नाही, आणि सगळे एकाच बाजूचे असल्यामुळे शेजाऱ्याला हरवण्याचा प्रश्नही नाही. शकुनीचे फासे ते हे नव्हेत.

खरे तर या फाशांनीच मला खेळाकडे ओढले. चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांचे फासे म्हणजे भूमितीतील पाच सुसम घन (दहा पृष्ठांचा फासा मात्र त्यांत बसत नाही). ते मी फळ्यावर कसेबसे काढत आलो आणि मुलांनी ते पाठ केले, एवढेच. येथे तेरा वर्षांची मुलगी कागद न घेता सांगते, की वीस पृष्ठांच्या फाशावर पंधरा किंवा त्याहून अधिक येण्याची शक्यता 30 टक्के आहे, पण तिच्या पात्राला कौशल्याचे तीन गुण अधिक मिळत असल्याने ती 45 टक्के होते, तेव्हा धोका पत्करायला हरकत नाही. संभाव्यतेचे प्रकरण शिकवताना असे उत्तर मला वर्गात क्वचितच मिळाले.

गणितापेक्षाही मोलाचे वाटले ते मुलांचे बोलणे. सहापैकी दोघांच्या घरी कन्नड बोलतात, एक जण मराठी शाळेत आहे, बाकीचे इंग्रजी माध्यमात. सध्या त्यांची कथा खानापूर तालुक्यातील भीमगडाच्या जंगलात चालू आहे आणि वटवाघळांसाठी प्रसिद्ध असलेल्या बारापेडे गुहांत त्यांना उतरायचे आहे. नियम इंग्रजीत वाचले जातात, भांडण कन्नडमध्ये होते आणि वर्णन मराठीत. एरवी पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारा एक मुलगा गावच्या पाटलाच्या भूमिकेत वीस मिनिटे वाटाघाटी करत होता. शब्द अडला की शेजारी तो पुरवत होते. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणारी आपली मुले आणि ही मुले यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

संशय हा या खेळाचा जुनाच सोबती आहे. 1979 साली मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला, तेव्हा तो हा खेळ खेळताना विद्यापीठाखालील भुयारांत हरवला, असे तिकडच्या वृत्तपत्रांनी छापले. काही आठवड्यांनी तो दुसऱ्या राज्यात जिवंत सापडला आणि त्याच्या जाण्याची कारणे वेगळीच निघाली, तरी खेळाला लागलेला डाग पुढे वर्षानुवर्षे टिकला. ज्या विस्कॉन्सिन राज्यात हा खेळ प्रथम छापला गेला, तेथीलच एका तुरुंगाने टोळ्या बनण्याच्या भीतीने त्यावर घातलेली बंदी 2010 साली अपील न्यायालयाने कायम ठेवली. तुरुंगाची चिंता मी समजू शकतो. आमची मुले मात्र सातवी ते दहावीतली आहेत.

खेळात दोष नाहीत, असे नाही. एक बैठक चार-चार तास चालते, मूळ पुस्तके महाग आहेत, आणि परीक्षेच्या आदल्या रविवारी मी स्वतः खेळ बंद करवला आहे. आरडाओरडाही होतो, आमच्या शहापुरातील माडीखालच्या भाडेकरूंनी तो दीड वर्ष सोसला, म्हणूनच खोलीसाठी अर्ज करावा लागला.

संबंधित संस्थेने अर्जाचा फेरविचार करावा, ही विनंती. भाडे आणि विजेचे बिल मी भरीन, दर रविवारी स्वतः हजर राहीन. पदाधिकाऱ्यांपैकी कोणी दोन तास बसून पाहण्यास तयार असतील, तर पाटलाच्या कारभाऱ्याची भूमिका सध्या रिकामी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक,
शहापूर, बेळगाव