बाबांचा लोहचुंबक

लायडन, नेदरलँड्स, रविवार

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. इथलं काम मी आणखी 2 वर्षं वाढवून घेतलंय. सहीसुद्धा झाली. आधी तुम्हाला विचारणार होते, पण मुदत संपत होती. खरं सांगायचं तर, विचारलं असतं तर तुम्ही ‘रहा’च म्हणाला असतात आणि मग मला राहवलं नसतं.

बाबा, तुम्ही विचारता, सोन्यात लोखंड घालून काय मिळवतेस? तुमचा जन्म ते काढण्यात गेला. कानशीचा भुगा कागदावर पसरून लोहचुंबक फिरवायचात, त्याला काळ्या मिशा फुटायच्या. मी फुंकर मारायला गेले की ओरडायचात, “अगं, सोनं उडेल!”

पण लाखभर अणूंत दहा-वीस लोखंडाचे असे आटवून मुरवले, की तुमच्या चुंबकाला त्यांचा पत्ता लागत नाही. धातू थंड केला की वीज सहज वाहते ना? याच गावात 1934 साली सोन्याच्या तारेत भलतंच दिसलं. अडथळा आधी कमी झाला आणि खूप गारठ्यात पुन्हा वाढू लागला. नेमकं कारण 1964 साली जपानच्या जून कोन्दो या शास्त्रज्ञांनी सांगितलं: लोखंडासारखा एकेक भेसळीचा अणू स्वतःच इवलासा चुंबक असतो, आणि गारठा वाढेल तसा तो वीज वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांना जास्तच अडवतो. लोखंड शेकडा एक केलं, तर उणे 260 अंशांच्याही खाली हे चुंबक ज्याचं तोंड जिकडे असेल तिकडे थिजतात. त्या गणपतीत आपले सगळे काका रुसून बसले होते ना, अगदी तसे.

हे मोजायला आत्ता कुठे माझा हात बसलाय. मूस तापल्यावर उठायचं नाही, हे तुमचंच.

आई, खोली उबदार आहे. इथलं ताक छान, कढी जमते. गोडा मसाला अर्धी बरणी उरलाय. तापात मात्र तुझा हात कपाळावर हवासा वाटतो.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदू दिवाळीआधी काढायचा. दादा न्यायला येईल, निमूट जायचं. तोवर भट्टीपाशी बसायचं नाही. आई, साखर उपाशीपोटी तपास, आणि प्रसादाचा पेढाही पेढाच असतो. रागावून नाही हं सांगत.

जानेवारीत तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय. तो जुना लोहचुंबक भंगारात देऊ नका. मला हवाय.

तुमची,
छकुली