खडूच्या डोंगरावरची पांदण

स्विंडन, इंग्लंड,
मे महिन्याची अखेर

ती. बाबांना व सौ. आईला शि. सा. न. आजीला वेगळा नमस्कार.

आई, फोनवर मी "चालायला गेलो होतो" म्हणालो आणि तू "जेवलास का?" विचारून विषयच संपवला. म्हणून लिहून पाठवतो. जेवलो होतो. पोळीत तुझ्या पद्धतीचा ठेचा भरून नेला होता आणि तो खाताना नाक पुसत बसलेला माणूस पाहून एक इंग्रज आजीबाई थांबून "बरा आहेस ना?" विचारून गेल्या.

बाबा, पुढचं जास्त तुमच्यासाठी आहे.

इथं रिजवे नावाची वाट आहे. ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत, सुमारे 140 किलोमीटर. 1973 मध्ये तिला सरकारी दर्जा मिळाला, पण माणसं-गुरं तिच्यावरून निदान 5000 वर्षांपासून ये-जा करून राहिली आहेत म्हणतात. तुम्ही आला असता तर पहिल्याच वळणावर म्हणाला असता, "अरे, ही तर पांदण!" दोन्हीकडे झुडपांचं कुंपण, मधून बैलगाडी जाईल एवढी रुंदी, पलीकडे शेतं. फरक मातीचा. हा सगळा डोंगर खडूचा, फळ्यावर लिहायच्या खडूसारखा पांढरा दगड. पाणी वर थांबत नाही, मुरून पायथ्याशी झऱ्यांमधून निघतं. म्हणून गावं सगळी खाली झऱ्यांजवळ वसली आणि वाट वर, कोरड्या धारेनं गेली. आपल्या काळ्या मातीत श्रावणात बैलासकट गाडी रुतते, ते यांना सांगून पटणार नाही.

मित्रानं सकाळी फॉक्सहिलला गाडीनं सोडलं, तिथून वाँटेजपर्यंत बावीस-तेवीस किलोमीटर. सोबत नकाशा होता, ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, 1:25000 चा. त्यात शेतांची कुंपणंसुद्धा दाखवलेली असतात आणि लोकांच्या वहिवाटीच्या वाटा हिरव्या तुटक रेषांनी. त्या वाटा खाजगी शेतातून जातात, तरी चालणाऱ्याला कोणी हटकत नाही. शेतकऱ्यानं पायवाट नांगरली, तर ठरलेल्या दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. मुख्य वाट सोडून थोडा खाली उतरलो, तेव्हा गुडघाभर गव्हातून अशीच एक वाट सरळ कापत गेलेली पाहिली आणि गावाकडची आपली पांदण आठवली. दर पावसाळ्यात तिच्यावर कुंपण वीतभर पुढे सरकतं. बाबा, भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढून ठेवाच. आणि यंदा पुन्हा अडवलं तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मागच्या वेळी "बघू, बोलू" करण्यात मुदत निघून गेली होती.

असो. पाखरांकडे येतो.

पहिले दोन तास चंडोल. दिसत नाही, नुसता ऐकू येतो. एक शेतातून उठला आणि गात गात सरळ वर चढत गेला. मान दुखेपर्यंत पाहिलं, शेवटी आभाळात एक टिपका राहिला, पण गाणं तेवढंच मोठं. मग अचानक गाणं बंद, आणि दगड टाकावा तसा खाली गव्हात. फाटकापाशी भेटलेल्या एका म्हाताऱ्या पक्षीनिरीक्षकानं सांगितलं की पूर्वी याच्या कितीतरी पट होते. इथं धान्य पूर्वी बरंचसं वसंतात पेरत, आता शरदातच पेरून घेतात. त्यामुळे मे-जूनपर्यंत पीक इतकं दाट-उंच होतं की चंडोलाला दुसऱ्या विणीसाठी घरटं करायला जमीनच सापडत नाही. काही शेतकरी आता पेरताना मधे छोटे चौकोन मोकळे सोडतात, त्याच्यासाठी. मला आपली ज्वारी आठवली. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, आणि कणसांवरचे पाखरांचे थवेही गेले. आपण फक्त भाव किती मिळाला ते बोलतो.

ससा पाहिला तो मात्र अगदी जवळून. वारा त्याच्याकडून माझ्याकडे येत होता, म्हणून त्याला पत्ता लागला नाही. आपल्या माळावरच्या सशाचाच भाऊबंद, बीळ न करणारा, पण चांगला थोराड. कानांची टोकं काळी, डोळे मधाच्या रंगाचे. वाटेच्या मधोमध बसून पुढचा पाय चाटत होता, एकेक बोट वेगळं करून. मी श्वास रोखून उभा. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, पाय चाटून पूर्ण केला, आणि मग गेला. घाईत नाही.

दुपारी वेलँड्स स्मिदी लागलं. बीचच्या झाडांमधलं 5000 वर्षांहून जुनं दफनस्थळ, तोंडाशी उभे प्रचंड दगड. काटोल रोडवरच्या आपल्या जुनापाणीची दगडी वर्तुळं याच्या मानानं अलीकडची, लोहयुगातली, पण संख्येनं शेकड्यांत. इथं पाटी आहे, कुंपण आहे, माणसं हळू आवाजात बोलतात. मी कॉलेजात असताना आपण जुनापाणीला गेलो तेव्हा दगडांवर गुरं अंग घासत होती. मला दोन्ही आवडलं, खरं सांगायचं तर.

तिथून जवळच अफिंग्टनचा पांढरा घोडा. डोंगराच्या उतारावर चर खणून त्यात खडू ठासून काढलेला, शंभर मीटरहून लांब, सुमारे 3000 वर्षांपूर्वीचा. गवत वाढून मिटू नये म्हणून अजूनही लोक गुडघ्यांवर बसून हातोडीनं नवा खडू कुटतात. जवळून मात्र घोडा दिसत नाही, नुसते पांढरे पट्टे.

आणि तिथंच डोक्यावर घारी आल्या. आपल्या घारीपेक्षा तांबूस, शेपटी खोल दुभंगलेली, आणि ती शेपटी वाऱ्यात सुकाणूसारखी एकसारखी वळत असते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून ही घार मारून मारून संपवली होती, वेल्समध्ये मूठभर उरल्या. 1990 च्या आसपास चिल्टर्न टेकड्यांमध्ये मुख्यतः स्पेनहून पिल्लं आणून सोडली, आणि आज ती एवढी झाली की मला जेवताना ठेचा-पोळी मांडीखाली धरावी लागली. बाबा, हरियाणातल्या पिंजोरहून पेंचला आणलेल्या गिधाडांचं तुम्ही कळवलं होतं, तेव्हा मला ते फार काही वाटलं नव्हतं. या घारी पाहिल्यावर वाटतं. फक्त घारीचा शत्रू बंदूक आणि विष होतं, ते बरंचसं थांबवता आलं. गिधाडांचा शत्रू मेल्या ढोरांच्या अंगात उरलेल्या औषधात आहे, तो दिसत नाही.

आई, तुझ्या माहितीसाठी: इथं वाघ, अस्वल काही नाही. चालणाऱ्यांना जपायला सांगतात ते वासरांसोबतच्या गाईंपासून. कुत्रा बरोबर असला तर जास्तच. जनावरांच्या बाबतीत आपलं विदर्भ कितीतरी श्रीमंत आहे, पण ते जिप्सीत बसून, गाईड म्हणेल तिकडे मान वळवून पाहायचं. पेंचच्या जंगलात खोलवर रोज पायी फिरायला मिळतं ते वनरक्षकांना. त्यांचा हेवा वाटायला लागलाय.

वाँटेजला उतरताना झाडीतून भुंकणं ऐकू आलं. कुत्रं नव्हतं. भेकर! चीनमधलं, सव्वाशेएक वर्षांपूर्वी कुणा सरदारानं हौसेनं आणून पाळलेलं आणि पुढे पळून देशभर पसरलेलं. वनखात्याला डोकेदुखी, मला मात्र परदेशात शेजारी भेटल्यासारखं.

नवतपा सुरू झाला असेल. आजीला दुपारी गच्चीवर पापड वाळवायला जाऊ देऊ नका, आणि कूलरच्या ताट्या बदलल्या का ते कळवा. दिवाळीत येताना बाबांसाठी नवी दुर्बीण आणतो. जुनी ताईच्या पोट्ट्याला द्या, पण काचा शर्टानं पुसू नको म्हणावं.

तुमचा,
बंडू