दहा हंड्यांचं घर

रॉकपोर्ट, टेक्सास
१६ जानेवारी

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तिळगूळ घ्या, गोड बोला. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "चांगलं घरदार असताना गाडीत का राहताय? काही कमी पडलं का? खरं सांगा." मी बोलायला तोंड उघडलं आणि रेंज गेली. मग रात्रभर तुमचं ते 'खरं सांगा' कानात राहिलं. म्हणून हे पत्र. धाकट्याच्या फोनवर पाठवतेय. त्याला म्हणावं, मोठ्या अक्षरात छापून आण, म्हणजे दादालाही वाचता येईल.

आधी मुद्द्याचं सांगते. काही कमी पडलेलं नाही. मिनेसोटातलं घर जागेवर आहे. निघताना नळांतलं सगळं पाणी काढून टाकलं, नाहीतर थंडीत पाइप फुटतात. मुलगा दर रविवारी जाऊन बघून येतो. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत दाराबाहेरच्या बर्फावर घसरून माझं मनगट मोडलं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण त्यानंतर मी काय केलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. पुढचा सबंध हिवाळा मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. बाहेर उणे पंचवीस आणि आत मी खिडकीशी. पोस्टाची पेटी वीस पावलांवर, तीसुद्धा हेच उघडून यायचे. मार्चमध्ये एक दिवस हे म्हणाले, "तू माणसासारखं बोलेनाशी झालीस." त्या उन्हाळ्यात आम्ही हा ट्रेलर घेतला. जुनाच आहे, आठ वर्षं वापरलेला. इथले लोक अशा सगळ्या घर-गाड्यांना आरव्ही म्हणतात.

२४ फूट लांब, ८ फूट रुंद. आपल्या माडीवरची खोली डोळ्यांसमोर आणा, ती याच्याहून मोठी भरेल. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला जेवायचं टेबल, मध्ये दोन शेगड्यांची चूल, बोटभर ओटा, फ्रीज आणि एका माणसापुरती न्हाणी. पुढं पिकअप जोडायची आणि ओढत न्यायचं. मुक्कामाला पोचलं की सोडून ठेवायचं आणि नुसती पिकअप घेऊन बाजारहाट करायचा. मिनिआपोलिसहून पस्तीस नंबरचा हमरस्ता धरला की तो सरळ खाली आयोवा, मिसुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा करत टेक्सासात सॅन अँटोनियोपर्यंत आणतो, तिथून समुद्राकडं वळायचं. साधारण २,२०० किलोमीटर. आम्ही सहा दिवस घेतले. यांना दिवसाला पाच तासांच्या वर चालवू द्यायचं नाही, असं मी निघतानाच ठरवलं होतं.

डिसेंबरात दोन आठवडे पाद्रे बेटावर राहिलो. समुद्राला समांतर अशी ही वाळूची पट्टी, सरकारनं राखून ठेवलेली, ११० किलोमीटरच्या आसपास लांब आणि जवळजवळ सगळी मोकळी. ६२ वर्षांवरच्यांना राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास मिळतो, तो असला की मुक्कामाचे निम्मेच पैसे. पण तिथं ट्रेलरला जोडायला वीज नाही, नळ नाही. टाकीत भरून नेलं तेवढंच पाणी.

वहिनी, टाकी १५० लिटरची. पहिल्या संध्याकाळी मी मनात हिशेब केला: दहा हंडे. दोन माणसं, दहा हंडे, आणि संपलं की ट्रेलर जोडून, सगळं आवरून, भरायच्या नळापर्यंत न्यायचा. तुम्ही आमच्या घरी आलात १९७५ साली, तोवर दारात हातपंप आला होता. त्याआधी मी आणि आई पहाटे माणगंगेच्या वाळूत झरा उकरून वाटीवाटीनं हंडा भरायचो. अंघोळीचं पाणी दगडाखाली साठवून तुळशीला, भांड्यांचं पाणी म्हशीला. चाळीस वर्षं मी नळ सोडून भांडी घासली, आणि मला वाटायचं ते सगळं मी विसरले. पाद्रेला पहिल्याच दिवशी माझे हात आपोआप तसे चालायला लागले. ताट आधी कागदानं पुसायचं, मग ओल्या फडक्यानं, मग पेलाभर पाण्यात विसळायचं. विसळलेलं पाणी परातीत धरायचं आणि संडासात ओतायला ठेवायचं. हे नुसते बघत राहिले. पुण्यात वाढलेला माणूस, त्यांना हे कुणी शिकवलेलं नाही.

चौथ्या रात्री मला जाग आली. ट्रेलरमध्ये नळ सोडला की पाणी ढकलायला एक छोटा पंप आपोआप सुरू होतो, टर्र असा आवाज करतो. सगळे नळ बंद, आम्ही दोघं झोपलेले, आणि पंप टर्र करून थांबला. थोड्या वेळानं पुन्हा. मी बॅटरी घेऊन उठले. चुलीच्या वर एक पट्टी आहे, तिथलं बटण दाबलं की टाकीत किती पाणी आहे ते चार दिव्यांनी दिसतं. झोपताना तीन लागले होते, आता दोन. न्हाणीतल्या फवाऱ्याच्या तोटीतून थेंब थेंब जात होतं, खाली बोट धरलं तेव्हा कळलं. मी पंपाचं बटण बंद केलं आणि तोटीखाली पातेलं ठेवून पलंगावर बसून राहिले. सकाळी यांनी तोटी खोलली. आतला रबरी वायसर झिजून बांगडीसारखा पातळ झाला होता. शहरात जाऊन नवा आणला, काही रुपयांची वस्तू. पण त्या रात्री पाणी गळतंय हे ऐकून मी उठले, हे मला अजून नवल वाटतं. आई अशीच उठायची, रांजणाला तडा गेला होता तेव्हा.

संडासाचं तुम्ही विचारणार, तर तेही सांगते. मैल्याची टाकी वेगळी, सांडपाण्याची वेगळी. चार-पाच दिवसांनी ठरलेल्या जागी नेऊन जाड नळीनं रिकाम्या करायच्या, आधी मैल्याची, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. हातमोजे घालून हे काम हेच करतात. एकदाही कुरकुर केली नाही.

आता रॉकपोर्टला महिन्याच्या भाड्यावर जागा घेतलीय. इथं नळ आहे, वीज आहे, धुणं धुवायची खोली आहे. तरी मी परातीतच विसळते.

पाद्रेहून इकडं येताना कॉर्पस क्रिस्टी गावाबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी सपाट काळं रान लागलं, नांगरून तयार ठेवलेलं. आपल्या नदीकाठच्या रानासारखं काळं, पण नजर पोचेल तिथपर्यंत. एका हॉटेलात चहाला थांबलो, तिथं एक म्हातारे शेतकरी बसले होते. यांनी विचारलं, काय पेरता? ते म्हणाले, "कॉटन आणि मायलो." मला नीट कळलं नाही, पुन्हा विचारलं. मायलो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरतात, जून-जुलैत काढतात. बाहेर त्यांच्या गाडीत पोतं होतं, त्यातले मूठभर दाणे त्यांनी माझ्या हातावर ठेवले. लालसर, गोल. वहिनी, मिलो! दादाला विचारा. १९७२ चा दुष्काळ, मी चौदा वर्षांची, दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा, तिथं खायला सुकडी मिळायची आणि रेशनला हीच अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो. तिच्या पिठाला चिकटाच नसायचा. थापायला गेलं की कडा फाटायच्या. आई पिठाची उकड काढून मगच भाकरी करायची, तरी तव्यावर टाकताना तुटायची. तुटलेला तुकडा ती स्वतःच्या ताटात घ्यायची. मी ते दाणे हातात घेऊन त्या माणसासमोर रडले. त्यांनी काही विचारलं नाही, टोपी काढून उभे राहिले. नंतर यांनी त्यांना सगळं सांगितलं. दाण्यांचा फोटो सोबत पाठवलाय, तो आधी दादाला दाखवा.

तुम्ही फोनवर आणखी एक शब्द वापरलात: विंचवाचं बिऱ्हाड. मला तो लागला, पण रागानं नव्हे. मला धनगरांचा वाडा आठवला. दिवाळी झाली की बाजरी निघालेल्या आपल्या रानात वाडा उतरायचा. घोड्यांवर सगळं बिऱ्हाड, वर कोंबड्या बांधलेल्या, कोकरं पोत्यात, नुसती तोंडं बाहेर. दोन रात्री मेंढरं रानात बसवायची, खतापायी आबा त्यांना बाजरी मोजून द्यायचे. मग ते घाट उतरून कोकणात जायचे आणि मृगाच्या आधी माघारी. एक म्हातारी दरसाल संध्याकाळी आईकडं इस्तू मागायला यायची. आई शेणीवर निखारा ठेवून द्यायची. एकदा आईनं तिला विचारलं, एवढे महिने घर टाकून जाता, जीव राहतो का? तिनं कमरेची पिशवी सोडली आणि किल्ली काढून दाखवली. "कुलूप घातलंय न्हवं. किल्ली ही बघा." आणि निखारा सांभाळत निघून गेली.

आपल्या माणदेशातली माणसं थंडी-उन्हाळ्याला कोकणच्या समुद्राकडं उतरतच आलीत. आम्ही दोघं तेच करतोय. मिनेसोटाची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगलीय.

इथं पक्षीसुद्धा असेच उतरतात. मायणीच्या तलावावर रोहित पक्षी बघायला आबांनी आपल्याला बैलगाडीतून नेलं होतं, ते आठवतं का? इथले हूपिंग क्रेन म्हणजे पाच फूट उंचीचे पांढरेशुभ्र करकोचे, डोक्यावर लाल ठिपका, पंखांची टोकं काळी. कॅनडातल्या वूड बफलोच्या दलदलीतून ४,००० किलोमीटर उडून याच खाडीवर येतात. १९४१ साली इथं येणारे फक्त पंधरा-सोळा उरले होते. सरकारनं १९३७ सालीच ही जागा राखीव केली होती, म्हणून तेवढे तरी वाचले, आता पाचशेच्या वर आहेत. गेल्या मंगळवारी बोटीतून आम्ही एक कुटुंब बघितलं. पिल्लू एकच, अंगावर अजून तांबूस पिसं. नर मान वर करून पहाऱ्याला उभा. मादीनं चिखलातून निळा खेकडा काढला, आपटून आपटून त्याच्या नांग्या मोडल्या आणि पिल्लापुढं टाकला. पिल्लानं उचलला, पाडला, तिनं पुन्हा उचलून दिला. बोटीत कुणी बोलत नव्हतं.

हवा बहुतेक आपल्या कार्तिकासारखी असते, दुपारी शाल नको. मात्र उत्तरेचं वारं सुटलं की तासाभरात चित्र पालटतं. चार जानेवारीला आम्ही बाहेर बसून मटार सोलत होतो, उत्तरेला आभाळ काळंनिळं झालं आणि शेंगा संपायच्या आत मला स्वेटर घालावा लागला. शेजारच्या आजींनी आम्हाला त्यांच्याकडं बोलावलं. आयोवाच्या आहेत, वय ८१, तीन वर्षांपूर्वी नवरा गेला, तरी ट्रेलर घेऊन येतात. मुलगी आणून सोडते आणि विमानानं परत जाते. त्या म्हणाल्या, इथली माणसं त्याला ओळखायची, आयोवात आता कुणी त्याचं नाव काढत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत दोघं दक्षिण पाद्रेला होते, तेव्हा असंच वारं आलं आणि समुद्र इतका गार पडला की कासवं बधिर होऊन तरंगू लागली. लोकांनी होड्यांतून, गाड्यांतून ती गोळा केली आणि तिथल्या सभागृहात फरशीवर मांडली, पाच हजारांच्या घरात. आजींच्याही गाडीत मागच्या सीटवर एक होतं. नवऱ्यानं अंगातलं जाकीट काढून त्याच्यावर घातलं होतं. ते जाकीट त्यांनी धुतलेलं नाही.

संक्रांतीला त्यांच्याकडं तिळाच्या वड्या नेल्या. ज्वारीचं पीठ ह्यूस्टनहून आणलंय. तवा तापला की आतला धुराचा गजर वाजतो, म्हणून भाकरी बाहेर टेबलावर शेगडी मांडून करते. येणारे-जाणारे थांबतात. शेंगांची चटणी मात्र संपत आलीय.

यंदा रथाला येता आलं नाही याची रुखरुख आहे. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं नोव्हेंबरात ठरलं. पुढच्या वर्षी मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला सिद्धनाथाच्या रथाची दोरी धरायला आम्ही दोघं म्हसवडला असू, तिकिटं जूनमध्ये काढणार आहे. तोवर दादाच्या गुडघ्याचं मनावर घ्या, त्याला रोज चालायला लावा. एक्स-रे धाकट्याला माझ्याकडं पाठवायला सांगा.

आणि आईचा तो छोटा तांब्याचा हंडा माळ्यावर असेल. कुणाला देऊ नका. मी आले की घेऊन जाईन, इथं ओट्याखाली बरोबर बसेल, मी माप घेऊन ठेवलंय.

तुमची धाकटी नणंद