घटस्फोटाच्या वाटणीत किराण्याचाही हिशेब धरा

संपादक महोदय,

परस्परसंमतीच्या घटस्फोटातील बऱ्याच तडजोडी ‘एकरकमी पोटगी अमुक लाख’ एवढ्यावर उरकतात. तो आकडा कशातून निघाला हे कागदावर येत नाही, आणि कमी कमावणाऱ्याचे नुकसान तिथेच होते. हिंदू विवाह कायद्यात मिळकतीची आपोआप निम्मी वाटणी नाही. कलम 25 पोटगीचे, तर कलम 27 लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरते. बाकीचे बोलणीत ठरते.

घराचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जातो. बायकोच्या पगारातून किराणा, शाळेची फी, सासऱ्यांची औषधे. हप्ता पासबुकात दिसतो, किराणा दिसत नाही. पण तिने घर चालवले म्हणूनच त्याला हप्ता भरता आला. तासगाव भागात द्राक्षबागेच्या छाटणीपासून बेदाण्याच्या शेडपर्यंत राबणाऱ्या बाईचे नाव तर मालविक्रीच्या एकाही पट्टीवर (हिशेबाच्या पावतीवर) नसते. मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये गृहिणीच्या कामालाही मिळकतीत वाटा आहे असे मानले. तो निकाल घटस्फोटाच्या दाव्यातला नव्हता आणि इथे बंधनकारकही नाही, तरी बोलणीत जरूर पुढे ठेवावा.

समजा, फ्लॅटचा आजचा बाजारभाव 50 लाख आणि कर्ज बाकी 14 लाख. वाटायचे 36 लाख, 50 नव्हे. एकाने लग्नाआधीच्या बचतीतून 6 लाख भरले असतील तर ते आधी त्याचे त्याला, आणि उरलेले 30 लाख निम्मे-निम्मे. जास्त कमावणाऱ्याला जास्त, असा आग्रह हमखास होतो. मग मुलांसाठी सोडलेल्या नोकरीची वर्षेही मोजावी लागतील. आमच्या मते निम्मेच रास्त, आणि बायकोचा पगार मोठा असेल तरीही हेच. कलम 25 पतीलाही खुले आहे.

वडिलोपार्जित जमीन यादीबाहेर ठेवावी. मात्र लग्नानंतर उभारलेली बाग, बोअर, शीतगृहातला बेदाणा यादीत हवा आणि सोसायटीचे कर्जही हवे.

स्त्रीधन वाटणीत धरूच नये, ते तिचेच. अडचण अशी की ते सोने पुष्कळदा बागेच्या खर्चासाठी तारण पडलेले असते आणि कर्ज नवऱ्याच्या नावावर. ‘कर्ज फेडून सोने सोडवून द्यावे’ ही अट तारखेसह लिहावी. ‘पाटल्या दोन’ एवढेच लिहिले की पुढे भांडण ठरलेले. खडे-मणी वगळून निव्वळ वजन ग्रॅममध्ये आणि कॅरेट लिहावे.

सर्वांत मोठी चूक मात्र क्रमाची होते. घर बायकोला द्यायचे ठरते, कर्ज नवऱ्याच्या नावावर राहते. हुकूम झाल्यावर हप्ते थांबले की बँक घरावरच येते. दोघांनी आपसात काय ठरवले हे बँकेवर बंधनकारक नसते. म्हणून आधी बँकेचे संमतीपत्र घ्यावे किंवा कर्ज मिटवावे, मग बक्षीसपत्र नोंदवावे. राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नीत बक्षीस देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे (स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी वेगळी). घटस्फोट झाला की नाते संपते आणि ही सवलतही. पहिल्या अर्जानंतर कोर्टात दुसऱ्यांदा संमती सांगेपर्यंत साधारण सहा महिने मिळतात, ते याच कामासाठी वापरावेत. दस्त हातात आणि रक्कम खात्यात आल्याशिवाय हा दुसऱ्या वेळचा जबाब देऊ नये.

— दोन वकील, तासगाव (जि. सांगली)