माईकमागच्या काकांना जाहीर आभार

ती. काकांना सा. न. वि. वि.

स्पर्धेच्या आभारप्रदर्शनात परीक्षक, पाहुणे, देणगीदार सगळे येतात. साउंडवाल्याचं काम ‘ज्ञात-अज्ञात हातां’मध्ये उरकलं जातं. वक्तृत्वाची तयारी करून घेणाऱ्या आम्हा शिक्षकांना ते बरोबर वाटत नाही, म्हणून हे पत्र.

पाठांतर आणि उच्चार शाळेत घोटून होतात. तरी मूल व्यासपीठावर पहिल्या वाक्यालाच का अडखळतं, हे तुमच्यामुळे कळलं. स्पीकरमधून मोठा होऊन आलेला स्वतःचाच आवाज त्याला अनोळखी वाटतो. ते दचकतं, वेग वाढवतं आणि सात मिनिटांचं भाषण पाचात संपवतं. म्हणून तुम्ही स्पर्धेआधी प्रत्येकाला माईकवर उभं करता. ‘हॅलो, चेक’ नाही. भाषणाची पहिली चार वाक्यं, खऱ्या आवाजात. भीती तिथेच बरीचशी उतरते.

माईक ओठांपासून चार बोटं, हनुवटीच्या पातळीत, किंचित तिरका. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फटाक्यासारखे वाजतात. लांब गेला की तुम्हाला आवाज वाढवावा लागतो आणि शिट्टी येते. घाबरून मुलं माईकची जाळी मुठीत धरतात, त्यानं शिट्टी आणखी वाढते. उंच मुलानंतर लहान मुलगी आली की तुम्ही स्वतः उठून स्टँड खाली करता, कारण टाचा उंचावून बोलताना दम पुरत नाही. आणि सर्वांत मोलाचं: माईकपाशी पोचल्यावर आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग घ्यायचा. घाबरलेल्या मुलाची छाती आधीच भरलेली असते; आम्ही मात्र ‘खोल श्वास घे’ एवढंच सांगत होतो.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा माईक नव्हता. वक्त्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावाच लागे. आज माईक हाताशी असूनही वक्तृत्व म्हणजे चढा स्वर, हा हट्ट शिकवणीतून गेलेला नाही. तुम्ही मुलांना एक वाक्य अगदी हळू बोलायला लावता आणि मागच्या रांगेतल्या मित्राला ऐकू आलं का, हात वर करून सांगायला सांगता. हात वर होतो. मग मूल आवाजाशी खेळू लागतं, मुद्दाम थांबतं, हशा ओसरेपर्यंत वाट पाहतं. बोलण्याची मजा त्याला तिथे कळते.

सरावासाठी तुमचा जुना माईक आणि स्टँड शाळेत ठेवलात, त्याबद्दल वेगळे आभार. तो रोज शेवटच्या तासाला वापरात असतो.

आपले,
वक्तृत्व मंडळातील शिक्षक